माफ झालेले वर्ष

दहावीनंतर अभियंता होण्याचे महाराष्ट्रात दोन रस्ते आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा : अकरावी-बारावी विज्ञान, मग सीईटी, मग ४ वर्षांची पदवी. दुसरा रस्ता तंत्रनिकेतनातून जातो : ३ वर्षांची पदविका आणि तिच्या बळावर अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पहिल्या रस्त्याने गेलेल्यांना आमच्याकडे 'बारावीवाले' म्हणतात, दुसऱ्या रस्त्याने आलेल्यांना 'डिप्लोमावाले'. दोघांच्या हाती अखेर एकच प्रमाणपत्र पडते. पण ते ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात काय घडते याविषयी शिक्षक आणि विद्यार्थी सोडून फारसे कोणी बोलत नाही.

मी वराळ्यात राहते आणि गेली बरीच वर्षे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते. वराळे हे मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याला लागून असलेले गाव. गावात डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाचे अभियांत्रिकी संकुल आहे, आंबी आणि तळेगावात आणखी महाविद्यालये आहेत आणि तळेगावची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे हाताने काम करणारा आणि पदवी घेऊन काम करणारा यांच्यामधली पायरी इथल्या घराघरांत मोजली जाते. या पायरीचा अभ्यास करताना जे हाती लागले ते या लेखात मांडते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : थेट दुसऱ्या वर्षाची आपली पद्धत विद्यार्थ्याला जे येत नाही ते माफ करते आणि जे येते ते त्याला पुन्हा शिकायला लावते.

दोन दारांचा इतिहास

पदविका आणि पदवी यांची फारकत जुनी आहे. पुण्यात १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती, ती तयार करणे हा त्याचा उद्देश होता. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिथून 'लायसेन्शिएट' बाहेर पडू लागले. जुन्या पिढीतल्या अनेक घरांत एखादे 'एल.एम.ई. झालेले काका' असत, ते या परंपरेतले. गिरणीत, रेल्वेत, पाटबंधाऱ्यात त्यांनी आयुष्य काढले. यंत्राच्या आवाजावरून बिघाड सांगणारे हे लोक कागदोपत्री मात्र अभियंता नव्हते.

तळेगावाने या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले होते. स्वदेशीच्या काळात विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षण देणारे विद्यालय तळेगावात होते. सरकारने ते काही वर्षांतच बंद पाडले. १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना इथेच सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या जाणकाराने भट्टीपाशी उभे राहून मुले तयार केली. काच बनवणे हा इथे धंदाही होता आणि शिक्षणही. भट्टीचे तापमान आणि रसायनाचे प्रमाण एकाच माणसाला कळले पाहिजे, ही त्यामागची समज होती. मात्र पुढे औपचारिक तंत्रशिक्षण वाढले ते या वाटेने न जाता दोन दारांच्या वाटेने.

आजही ही दोन दारे शाबूत आहेत. राज्याच्या बांधकाम खात्यात पदविकाधारक कनिष्ठ अभियंता म्हणून लागतो, तर पदवीधर सहायक अभियंता म्हणून. कारखान्यातही पदविकेवर लागलेल्याला एका टप्प्यानंतर वर सरकता येत नाही. पूर्वी नोकरी करता करता वर चढण्याची एक शिडी होती : १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई. परीक्षा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले किती तरी जण पाळी संपवून रात्री तिचा अभ्यास करत. मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी तिची पदवीशी असलेली समकक्षता राहिली नाही. त्यामुळे आता पदविकाधारकाला पदवीकडे नेणारी मुख्य वाट म्हणजे थेट दुसरे वर्ष.

नुसत्या पदविकेवर आयुष्य काढण्यात काय धोका असतो, हे तळेगावाने नजीकच्या काळात पाहिले. जनरल मोटर्सचा इथला मोटार कारखाना २००८ साली सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला, पण मधली वर्षे गेली ती गेलीच. कारखाना बंद पडतो तेव्हा अनुभव असलेला पदविकाधारक नव्या ठिकाणी अर्ज करतो आणि पहिल्याच रकान्यात 'पदवी' हा शब्द त्याला अडवतो. इथले पालक मुलाला म्हणतात, "डिप्लोमा कर, पण तिथेच थांबू नको." त्यामागे हे अनुभव आहेत.

प्रवेश होतो कसा

ही वाट नेमकी कशी आहे ते ज्यांच्या घरात कोणी तंत्रनिकेतनात नाही अशा वाचकांसाठी सांगते.

पदविकेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे असतात, तर पदवी विद्यापीठाची असते. आमच्या भागात ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. म्हणजे विद्यार्थी एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातो तेव्हा एका परीक्षा-व्यवस्थेतूनही तो दुसरीत जातो. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिकेची धाटणी, गुण देण्याची रीत, सगळेच बदलते.

प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नसते. पदविकेच्या गुणांवर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष गुणवत्ता यादी लावतो. खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के गुण लागतात. बारावीला गणित असलेले बी.एस्सी. झालेले विद्यार्थीही याच दाराने येऊ शकतात. जागा दोन प्रकारच्या : मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्के जादा जागा आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा. हा दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे. ज्या महाविद्यालयाचे पहिले वर्ष भरत नाही, त्याचे दुसरे वर्ष डिप्लोमावाल्यांनी भरते. काही वर्गांत बारावीवाले थोडे आणि डिप्लोमावाले बहुसंख्य असतात ते यामुळेच.

आणखी एक नियम पुष्कळांना ठाऊक नसतो. पदविका ज्या शाखेची, पदवीही त्याच शाखेची घ्यावी असे बंधन आता नाही. यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसू शकतो आणि नोकऱ्यांचा ओढा पाहता पुष्कळ जण तसेच करतात.

वर्षांचा हिशेबही नीट मांडायला हवा. 'डिप्लोमा केला की पदवीचे एक वर्ष वाचते' असे सर्रास म्हटले जाते. दहावीनंतर अकरावी-बारावीची २ आणि पदवीची ४ अशी ६ वर्षे होतात. पदविकेची ३ आणि पदवीची उरलेली ३ मिळूनही ६ वर्षेच होतात. वर्ष वाचत नाही आणि वायाही जात नाही. फरक पडतो तो त्या ६ वर्षांत काय शिकले जाते यात.

गणिताची तुटलेली कडी

पदविकेत गणित साधारणपणे पहिल्या वर्षातच आटोपते. लॉगॅरिदम, निश्चयक, त्रिकोणमिती, विकलन, संकलन आणि सोपी विकल समीकरणे एवढे झाले की विद्यार्थी पुढची २ वर्षे आपल्या शाखेच्या विषयांत बुडून जातो. ते योग्यच आहे, कारण पदविकेचा हेतूच कामाला उभा राहणारा माणूस घडवण्याचा आहे. मग तो पदवीच्या दुसऱ्या वर्षात येतो आणि त्याच्यापुढे 'एम-थ्री' म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा भाग येतो. पहिले दोन भाग पदवीच्या पहिल्या वर्षाला असतात, म्हणजे त्याला माफ झालेल्या वर्षाला.

विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात या तीन भागांची वाटणी अशी होती. पहिल्या भागात फूरिए श्रेणी, आंशिक विकलन आणि सारणी. दुसऱ्या भागात विकल समीकरणे, वक्ररेखन, दुहेरी आणि तिहेरी संकलन. तिसऱ्या भागात वरच्या क्रमाची विकल समीकरणे, लाप्लास आणि फूरिए रूपांतरे, सांख्यिकी आणि सदिश कलन. ही नावे वाचून घाबरू नये. नावांपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तिसऱ्या भागातले फूरिए रूपांतर पहिल्या भागातल्या फूरिए श्रेणीवर उभे आहे. सदिश कलनाचा पूर्वार्ध आंशिक विकलनावर उभा आहे आणि उत्तरार्ध दुहेरी-तिहेरी संकलनावर.

एकच उदाहरण देते. लोहगडाच्या उतारावर एका जागी उभे राहा. उत्तरेकडे एक पाऊल टाकले तर किती चढावे लागेल आणि पूर्वेकडे टाकले तर किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. एका वेळी एकच दिशा धरायची आणि दुसरी स्थिर मानायची, हे झाले आंशिक विकलन. हे दोन आकडे एकत्र केले की सर्वांत उभा चढ कुठल्या दिशेला आहे ते कळते. त्याला ग्रेडियंट म्हणतात. पाणी बरोबर त्याच्या उलट दिशेने वाहते. उष्णता कुठून कुठे जाईल आणि विजेचे क्षेत्र कुठल्या दिशेला असेल, हे सगळे याच कल्पनेतून निघते. बारावीवाल्याने उताराचे ते दोन आकडे आदल्या वर्षी काढलेले असतात, म्हणून ग्रेडियंट त्याला पुढची पायरी वाटते. डिप्लोमावाल्यापुढे दोन्ही गोष्टी एकाच तासाला येतात आणि शिक्षकाने पहिली गोष्ट 'तुम्हाला माहीतच आहे' म्हणून सोडून दिलेली असते.

ही बुद्धीची कमतरता नव्हे. वर्गातली हुशार मुले इथे अडतात, कारण पाठ्यक्रमानेच त्यांच्या पायाखालच्या दोन पायऱ्या काढून घेतलेल्या असतात. मग गाइड आणि मागच्या प्रश्नपत्रिका यांच्यावर भिस्त ठेवून सूत्रे पाठ केली जातात. पेपर सुटला तर सुटला. नाही तर बॅकलॉग लागतो आणि बॅकलॉग साठले की 'इयर डाऊन'. घरी गणिताची ही कडी समजावून सांगणे कठीण. घरच्यांना एवढेच दिसते की डिप्लोमाला पहिल्या वर्गात आलेला मुलगा पदवीला नापास झाला.

जे येते ते पुन्हा

आता दुसरी बाजू. यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक पदार्थांची ताकद, यंत्रांची गतिकी, उष्मागतिकी, द्रव यांत्रिकी हे विषय शिकून आलेला असतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षात हेच विषय थोड्या वेगळ्या नावांनी पुन्हा येतात. स्थापत्यवाल्याने थिओडोलाइट लावून उन्हात सर्वेक्षण केलेले असते, तरी त्याला सर्वेक्षण पुन्हा करावे लागते. पदवीच्या पातळीला सिद्धान्त अधिक खोल जातो हे खरे, पण प्रात्यक्षिकांचा मोठा भाग तोच असतो. कारखान्यातल्या प्रशिक्षणात त्याने लेथवर आणि तपासणी विभागात काम केलेले असते. ड्रॉइंग वाचून जॉब काढणे, व्हर्निअर धरणे, टॉलरन्स म्हणजे काय हे बोटांना कळणे, या गोष्टी बारावीवाल्यांनी त्याच्याकडून शिकाव्यात अशा असतात.

वर्कशॉपमध्ये हे स्पष्ट दिसते. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी मुले तिथे पुढे असतात आणि अखेरच्या वर्षी प्रकल्प उभा करायची वेळ आली की प्रत्येक गटाला एक तरी डिप्लोमावाला हवा असतो. पण याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नाही. पदविकेची ३ वर्षे पदवीच्या हिशेबात एकरकमी १ वर्ष म्हणून जमा होतात आणि त्या वर्षाच्या आत काय आहे ते कोणी उघडून पाहत नाही. शाखा बदलणाऱ्याचे नुकसान दुप्पट : त्याचे शिकलेले मोजले जात नाही आणि न शिकलेल्यात गणिताबरोबर प्रोग्रामिंगचीही भर पडते.

कॅलिफोर्नियातला हिशेब

इतर ठिकाणी हे कसे करतात? अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची व्यवस्था आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथे तिची सुरुवात झाली असे मानतात. गावाजवळचे, कमी शुल्काचे, २ वर्षांचे महाविद्यालय, आणि तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश. कॅलिफोर्नियाने १९६० च्या 'मास्टर प्लॅन'ने या वाटेला राज्याच्या धोरणात स्थान दिले. तिथल्या मराठी कुटुंबांना क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज चांगले परिचयाचे आहे. तिथून विद्यापीठात जाणे ही रुळलेली वाट आहे.

तिथले हस्तांतर होते विषयागणिक. अमुक महाविद्यालयातला कलनाचा अमुक भाग अमुक विद्यापीठातल्या कुठल्या विषयाच्या बरोबरीचा, याची यादी कॅलिफोर्नियात सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून ती समोर ठेवून विषय निवडतो. जे शिकला ते जमा होते आणि जे राहिले ते तिथे जाऊन शिकावे लागते. अख्खे वर्ष माफ होत नाही आणि अख्खे वर्ष वायाही जात नाही.

पण तिकडेही सगळे आलबेल नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली अंदाज दिला होता की महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाटेत गळतात. म्हणजे त्यांच्याकडे शिकलेलेही नाकारले जाण्याचा धोका आहे, तर आपल्याकडे न शिकलेलेही शिकल्यात धरले जाते. त्यांचा विद्यार्थी वेळ आणि पैसा गमावतो. आपला विद्यार्थी पाया गमावतो, आणि ते त्याला परीक्षेच्या खोलीत कळते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती. काही अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तिच्यातून निघाले, पण विद्यापीठाकडे जाणारी रुंद वाट तयार झाली नाही. महाराष्ट्रात त्या वाटेचे काम प्रत्यक्षात तंत्रनिकेतनेच करतात.

कोणाचेच नसलेले महिने

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमातच म्हटले आहे की थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी विद्यापीठाने गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग चालवावेत. म्हणजे अडचण दिल्लीला माहीत आहे. प्रत्यक्षात काय होते ते वेळापत्रकात दिसते. पदविकेचा निकाल जूनच्या सुमारास लागतो. मग अर्ज, सुविधा केंद्रावर कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती यादी, अंतिम यादी, पसंतीक्रम आणि एकामागून एक कॅप राउंड. जातपडताळणीचा किंवा नॉन-क्रिमिलेअरचा दाखला अडकला तर आणखी धावपळ. प्रवेश पक्का होईपर्यंत ऑगस्ट, कधी सप्टेंबर उजाडतो आणि वर्गात एम-थ्रीचे एखादे प्रकरण संपलेले असते. मग पूरक वर्ग घ्यायचा तो कधी? नियमित तासांनंतर संध्याकाळी, जेव्हा कामशेत, कान्हे किंवा लोणावळ्याच्या मुलांचे लक्ष लोकलच्या वेळेकडे लागलेले असते.

जून ते ऑगस्ट हे महिने मात्र मोकळे जातात. तंत्रनिकेतनाने मुलाला दाखला देऊन मोकळे केलेले असते आणि महाविद्यालयाने अजून घेतलेले नसते. त्या काळात तो कोणाचाच विद्यार्थी नसतो. आंशिक विकलन, फूरिए श्रेणी आणि दुहेरी संकलन एवढे तीन विषय आठ आठवड्यांत नीट शिकवून होतात. तालुक्याच्या ठिकाणी, जो प्रवेशाच्या यादीत आहे त्या प्रत्येकासाठी, कुठेही प्रवेश मिळो, असा वर्ग चालवता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, कायदाही बदलावा लागत नाही. तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठ यांनी एका टेबलाशी बसायला मात्र हवे.

दुसरी मागणी हिशेबाची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली क्रेडिट जमा ठेवणारी 'अकॅडेमिक बँक' आली आणि २०२३ साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा. शाळा, कौशल्य आणि उच्च शिक्षण यांचे शिक्षण एकाच मापाने मोजायचे असा त्याचा दावा आहे. तो खरा करायचा असेल तर सुरुवातीला यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही. पदविकेतले सर्वेक्षण, कार्यशाळा, यंत्ररेखन यांची प्रात्यक्षिके विषयागणिक जमा करा आणि जे तास मोकळे होतील ते राहिलेल्या गणिताला द्या. विद्यार्थ्याची ६ वर्षे ६ च राहतील.

तोवर ज्यांच्या घरात यंदा कोणी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यांना शिक्षिका म्हणून एवढेच सांगते : निकालाची वाट पाहत बसू नका. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पदवीच्या पहिल्या वर्षाची गणिताची दोन पुस्तके जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणा. सगळे करायचे नाही, वर सांगितलेली तीन प्रकरणे करा. शाखा बदलायची असेल तर एक प्रोग्रामिंगची भाषाही. महाविद्यालय निवडताना इमारत आणि प्लेसमेंटचे आकडे पाहाल तेव्हा सोबत एक प्रश्न विचारा : डिप्लोमातून आलेल्यांसाठी गणिताचा वेगळा वर्ग होतो का, आणि तो किती वाजता होतो? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या ठिकाणाविषयी बरेच काही कळते.

मावळातल्या पुष्कळ घरांत पदवीपर्यंत पोचणारे हे पहिलेच मूल असते. भाऊ कारखान्यात कंत्राटावर, वडिलांनी जमिनीचा तुकडा वसाहतीला दिलेला, आईचा सगळा भरवसा या मुलावर किंवा मुलीवर. तंत्रनिकेतन हे त्यांच्यासाठी बारावीत कमी पडल्यावरचे दुसरे दार नव्हते, दहावीला विचार करून उघडलेले पहिलेच दार होते. पदवीच्या वर्गात त्यांना 'डिप्लोमावाले' म्हणून वेगळे काढण्याऐवजी त्यांची दोन पुस्तके राहिली आहेत एवढे ओळखले आणि ती शिकवली, तर पुढची वाट ती मुले स्वतः चालून जातात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात मी त्यांना चालताना पाहिले आहे.